साइटसाठी डिझाइन स्पर्धा: खुलं व्होटिंग की ज्युरी, मॉकअप की चालतं पान?

दादरला चहा पिता पिता ठरतं की आपल्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणाऱ्या) ग्रुपची साइट जुनाट दिसते, स्पर्धा ठेवूया. पुढे नक्की मागवायचं काय, यावर कोणी बोलत नाही, आणि गाडी तिथेच अडकते.

आधी निकालाचं बघू. खुल्या व्होटिंगने गाजावाजा होतो, नवी पोरं जोडली जातात, पण ज्याचे व्हॉट्सॲप ग्रुप जास्त त्याचं डिझाइन भारी. तसा कुठलाच निकाल काही देव नाही, ज्युरीचाही नाही. लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमचा पेंग्विन टक्स १९९६ चा, लोगो स्पर्धेसाठीच काढलेला, जिंकला मात्र नाही आणि आज ओळखतात सगळे त्यालाच! तरी मी ज्युरीच घेईन, तिघांची, फक्त निकालासोबत कारणं लिहून द्यायची.

ज्युरीचं नाव काढलं की लोक रुपयाच्या चिन्हाचं उदाहरण देतात, २०१० चं, आपल्या पवईच्या आयआयटीतल्या उदय कुमारांनी जिंकलेलं. बरोबर आहे, पण ते एकच चिन्ह होतं, कागदावर काढलं की काम झालं. साइटचं तसं नसतं.

मॉकअप, म्हणजे पान कसं दिसेल याचं नुसतं चित्र, मागवलात तर चित्रं देखणी येतात, सगळी लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा खोटा लॅटिन मजकूर, भरलेली, आणि त्यात आपला मजकूर टाकला की ‘कार्यकर्त्यांसाठी’वरचे रफार आणि अनुस्वार मेन्यूच्या पट्टीत कापले जातात, कारण ओळीची उंची इंग्रजीच्या हिशोबाने धरलेली. वर ते चित्र कोडमध्ये आणायचं कोणी?

दुसरा रस्ता सीएसएस झेन गार्डन या वेबसाइटचा, २००३ चा. स्पर्धा नव्हती ती, पण नियम उचलण्यासारखा: एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि सांगाडा) सगळ्यांना एकच, बदलायचं फक्त सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड). आपलंच खरं मराठी पान द्या, विरार लोकलमध्ये उभ्याने एका हाताने उघडून बघा, चाललं तर चाललं. एण्ट्र्या कमी येतील, कोड न येणारे चांगले डिझायनर गळतील, हे मान्य.

लायसन्स मात्र दोन्हीकडे आधीच लिहा, सीसी बाय-एसए ४.० (नाव देऊन कोणीही वापरा, बदललंत तर त्याच अटींवर वाटा) वगैरे, आणि फॉण्टही मुक्त लायसन्सचाच हवा, मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉण्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता आहे की.

कोड करणारे दोघंतिघं खरंच मोकळे असतील तर मॉकअप मागवा, नाहीतर सीएसएसवालीच ठेवा. आणि लास्ट डेट गणपतीत नको, कोणी काही पाठवणार नाही.