आरटीओसमोरचे इन्शुरन्सवाले काका – 4 स्टार
2024 ची गोष्ट, लायसन्स हातात पडून जेमतेम दोन महिने, बाबांनी 4 वर्षं जुनी वॅगनार घेऊन दिली, 998 सीसीची, आणि ऑनलाइन इन्शुरन्स बघितला तर झिरो डेप (क्लेममध्ये घसारा कापत नाहीत ते), इंजिन प्रोटेक्ट असली जादाची कव्हरं सगळी आधीच टिक करून ठेवलेली, आकडा बघून डोळेच फिरले. मग काकांकडे गेलो. त्यांनी पेनने एकेक खोडत सांगितलं, थर्ड पार्टीचा (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा) रेट सगळीकडे सारखाच, 1000 सीसीपर्यंत 2094 अधिक जीएसटी, घासाघीस करायची ती ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, आधीच्या मालकाचा, तो गाडीसोबत येत नाही हेही तिथेच कळलं (विकणारा उगाच मिरवत होता). एक स्टार कापला कारण पॉलिसीच्या पीडीएफसाठी तीनदा फोन करावा लागला, आणि आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) पण जरा कमीच टाकलाय.