ॲक्सेसमध्ये कागदपत्रे: अटॅचमेंट की फोल्डर?

खानापूर-निपाणीकडच्या सोसायटीत एका कर्जप्रकरणामागे कन्नड उतारा, जुने मराठी खरेदीखत, वारसा नोंद, आधार असे कागद जमतात. ते स्कॅन करून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या अटॅचमेंट फील्डमध्ये (नोंदीतच फाईल साठवणाऱ्या रकान्यात) घालायचे, की फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसात नुसते फाईलचे नाव लिहायचे? आमच्या सोसायटीत मी दोन्ही चालवून पाहिले आहे.

अटॅचमेंटची सोय खरोखर चांगली आहे. सभासदाची नोंद उघडली की कागद तिथेच. लिंक तुटायची भानगड नाही. 2007 च्या आवृत्तीपासून आलेले हे फील्ड फाईल नोंदीत ठेवायच्या जुन्या ओएलई ऑब्जेक्ट फील्डपेक्षा कितीतरी बरे. ओएलईमध्ये स्कॅन बिटमॅप (न आकसवलेले चित्र) होऊन बसला, तर 300 डीपीआयचे एक रंगीत ए-फोर पान साधारण 25 एमबी खाते. सभासद थोडे आणि माणशी एखादाच कागद असेल, तर खुशाल अटॅचमेंट वापरा.

ॲक्सेसच्या एका फाईलला असलेली 2 जीबीची मर्यादा तुम्हाला ठाऊक असेलच. मला जाच झाला तो तिथवर पोचायच्या कितीतरी आधी. चुकीचा स्कॅन काढून टाकला तरी फाईल तसूभर आकसत नाही. जागा परत हवी तर ॲक्सेसची कॉम्पॅक्ट अँड रिपेअर ही सोय चालवायची, आणि त्यासाठी सगळ्यांनी डेटाबेस बंद करायला हवा. खरिपाच्या कर्जाच्या दिवसांत काउंटरवर रांग लागलेली असताना कॅशियरना बाहेर पडायला कसे सांगणार? म्हणून ते काम संध्याकाळी, शटर ओढल्यावर. तेव्हाही कुठल्या तरी पीसीवर एखादा फॉर्म उघडा राहिलेला असतो आणि सगळे अडून बसते. वर रोज अख्ख्या फाईलचा बॅकअप, मग दिवसभरात चारच कागद आलेले असोत.

फोल्डर वापरायला लागल्यापासून हा ताप गेला. डेटाबेस आटोपशीर राहतो, आणि बॅकअप घेताना विंडोजची रोबोकॉपी ही कमांड नवे-बदललेले तेवढेच कागद उचलते. मात्र प्रत्येक नोंदीत पूर्ण पाथ (फाईलचा पत्ता) लिहू नका. मूळ फोल्डर एका सेटिंग टेबलात ठेवला, की सर्व्हर बदलल्यावर एकच ओळ बदलावी लागते. आपल्या भागात आणखी एक सांभाळा: फाईलला कन्नड किंवा मराठी नाव नको. ॲक्सेसमधल्या व्हीबीए या प्रोग्रॅमिंग भाषेच्या, फाईली शोधणाऱ्या डिर फंक्शनला ती अक्षरे सहसा झेपत नाहीत, नावाच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. सभासद क्रमांक आणि कागदाचा प्रकार इंग्रजी अक्षरांत लिहिला की पुरे.

फोल्डरमधली फाईल कुणीही उडवू शकतो, हा धोका आहेच. विंडोजच्या परवानग्या नीट लावल्या तर तो बराच आवरतो. शाखा जास्त असतील आणि सर्व्हर बघणारा माणूस असेल, तर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेस सर्व्हरचाही विचार करावा. 2022 च्या आवृत्तीत एका डेटाबेसला 10 जीबी मिळतात. एका शाखेच्या कारभाराला मी तरी फोल्डरच सुचवेन. कागद आधीच अटॅचमेंटमध्ये भरले असतील तर व्हीबीएतल्या सेव्हटूफाईल मेथडने ते एकेक करून फोल्डरमध्ये काढा, सगळे उघडतात का ते पाहा, मगच फील्ड काढून कॉम्पॅक्ट करा.