बेंच प्रेसला आधार: डोक्याशी एकजण की टोकांना दोघे?

सात रस्त्याजवळच्या आमच्या जिममध्ये हा वाद रोज होतो. माझ्या मते बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं पडून वजनाचा दांडा छातीवरून वर ढकलताना, आधाराला डोक्याशी उभा एकच जोडीदार बरा. त्याने गुडघे किंचित वाकवून, एक पंजा वरून, एक खालून असे हात दांड्याजवळ तयार ठेवावेत. दांडा अडून खाली येऊ लागला की लगेच धरावा. उगीच मधेच हात लावू नये, फार राग येतो.

टोकांना दोघे असले आणि एकाने जरा आधी उचललं, की दांडा तिरपा होऊन खांद्याला हिसका बसतो. मला बसलाय.

जड स्क्वॉटला, म्हणजे दांडा खांद्यांवर घेऊन खाली बसून उठताना, मात्र टोकांना दोघेच हवेत. २० किलोच्या दांड्यावर १०० किलो चढवले, तर मागच्या एकट्याला ते पेलत नाही. फक्त ‘घे’ कोण म्हणणार, ते आधी ठरवा.