'स्मार्ट नगरी'तील भूखंड आणि सभासदत्वाची पावती

यंत्रमाग विकून माझ्या थोरल्या बंधूंनी उभी केलेली रक्कम 2024 च्या दिवाळीत सोलापूरजवळ विजापूर रस्त्यावरील एका नियोजित 'स्मार्ट हरित नगरी'त अडकली. तक्रार प्रलंबित असल्याने कंपनीचे नाव देत नाही. तिची पद्धत मात्र सविस्तर सांगतो.

जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटी अभियानासाठी निवडलेल्या पहिल्या 20 शहरांत सोलापूर होते, आणि त्याची कामे कंपनी कायद्याखाली स्थापन झालेल्या शासकीय कंपनीमार्फत होत, हे येथे बहुतेकांना ठाऊक आहे. फसवणाऱ्यांनी नेमका याच माहितीचा आधार घेतला. हॉटेलातील कार्यक्रमात त्यांचे प्रतिनिधी सिद्धेश्वर तलावाच्या आणि पार्क स्टेडियमच्या कामांची छायाचित्रे दाखवीत, बोलता बोलता "आपली स्मार्ट सिटीची कंपनी" असे म्हणत, आणि शहरातील कामे करणारी कंपनीच आता शहराबाहेर वसाहत उभारीत आहे, असा ऐकणाऱ्याचा समज होई. वास्तविक अभियानातील क्षेत्राधारित विकास, म्हणजे निवडलेल्या एका भागाचा विकास, सोलापुरात जुन्या वस्तीसाठी होता. शिवाय मार्च 2025 पर्यंतची शेवटची मुदतवाढ केवळ मंजूर कामे पुरी करण्यासाठी होती. या नियोजित नगरीतील सौर दिवे आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांपेक्षा तेथील चोवीस तास पाण्याच्या आश्वासनाने माणसे अधिक ओढली गेली. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे दुसरे काय होणार?

पैसे घेण्याची रीत अधिक धूर्त होती. स्थावर संपदा कायद्याच्या कलम 13 नुसार, नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. म्हणून पावतीवर भूखंडाच्या किमतीचा उल्लेखच नव्हता. 'हरित सभासदत्व ठेव' या नावाखाली जवळपास निम्मी रक्कम घेऊन नोटरीचा शिक्का मारलेला कागद हाती देण्यात आला. जाहिरातीत महारेराचा, म्हणजे याच कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाचा, क्यूआर कोड छापणे 1 ऑगस्ट 2023 पासून बंधनकारक आहे. माहितीपत्रकावर तसा कोड होता, परंतु तो स्कॅन केल्यावर कंपनीचेच संकेतस्थळ उघडे. छापलेला नोंदणी क्रमांक आम्ही महारेराच्या संकेतस्थळावर तपासला, तेव्हा तो दुसऱ्या जिल्ह्यातील दुसऱ्याच विकासकाच्या इमारतीचा निघाला. सातबाऱ्यावर कंपनीचे नाव नव्हते आणि बिनशेती आदेशही झालेला नव्हता. जमीनमालक शेतकऱ्याला इसारापलीकडे काहीही मिळालेले नव्हते. एका अर्थी तोही आमच्याच रांगेतला.

कार्यालयाला आता कुलूप आहे आणि प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे आहे. तरीही काही सभासदांना अद्याप दूरध्वनी येतात: मूळ पावती व माहितीपत्रक जमा करा, निम्मे पैसे परत देतो. हे कागद देऊ नयेत. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून रक्कम भरलेल्या व्यक्तीला ती व्याजासह परत मागण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम 12 ने दिला आहे, आणि ते विधान सिद्ध करणारा कागद म्हणजे हेच माहितीपत्रक.