छोट्या इंजिनाला टाकीतल्या हवेचा जोर: अंबडमध्ये जुळवून मिळणारं किट

९७ सीसीच्या कार्ब्युरेटरवाल्या चार-स्ट्रोक इंजिनासाठी दाबाच्या हवेचं किट नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन शेडमध्ये मागणीप्रमाणे करून मिळतं. कॉलेजची गो-कार्ट टीम किंवा बेंचवर इंजिन चालवून बघणारा मेकॅनिक, असा त्याचा गिऱ्हाईक. किटमध्ये १० लिटरची स्टीलची टाकी, ८ बारला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, १२ व्होल्टचा सोलेनॉईड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसणारा ॲल्युमिनियमचा डबा, त्यात एकतर्फी रीड व्हॉल्व्ह आणि हॅन्डलला लावायचं हवा सोडायचं बटण. वेल्डिंग नीट आहे, टाकीवर हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची) तारीख ठोकलेली आहे. ही तारीख नसेल तर पुढचं काही न बघता परत फिरावं.

विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हिशेब एकाच जागी चुकतो. त्यांना वाटतं, इंजिन आपली नेहमीची हवा फिल्टरमधून घेईल आणि टाकी फक्त वरची जास्तीची हवा देईल. तसं होत नाही. डब्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरासा चढला की रीड व्हॉल्व्ह बंद होतो आणि फिल्टरमधून येणारी हवा पूर्ण थांबते. त्या क्षणापासून इंजिनाची सगळी हवा टाकीतून जाते.

आता आकडे. हे इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा हवा ओढतं, म्हणजे सिलिंडर दरवेळी ८५ टक्के भरतो असं धरलं तर साधारण २५० लिटर. ०.३ बारचा बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्तीचा दाब, दिला की तेच ३३० ते ३५० लिटरवर जातं. ८ बारच्या टाकीतली २ बारपर्यंतचीच हवा कामाची, कारण त्याखाली रेग्युलेटर धरत नाही. बसतात ९ ते ११ सेकंद. त्यातही रिकामी होताना टाकीतली हवा गार पडते, त्यामुळे गेजचा काटा हिशेबापेक्षा लवकर खाली येतो आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप थोडा वर सरकतो. गेज खराब नाही, हवा परत तापली एवढंच. शेडवाले "दहा सेकंद" स्पष्ट सांगतात, ही त्यांची प्रामाणिक बाजू. ज्याला कसारा घाट चढताना जोर हवा आहे त्याने या वाटेला जाऊ नये. १५० सीसीचं इंजिन स्वस्त पडेल.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाबच मुळात ०.९४ बारच्या आसपास असतो. म्हणून ०.३ बारच्या बूस्टमधला पहिला ०.०७ बार मुंबईच्या पातळीला पोचण्यातच जातो. तरी इथल्या नेहमीच्या ताकदीशी तुलना केली तर हवा ३२ टक्के वाढते. पेट्रोल बरोबर बसलं असेल तर २० ते २५ टक्के ताकद वाढायला हवी.

आणि पेट्रोलच्या बाजूनेच किट कच्चं आहे. पेट्रोलच्या टाकीतून उताराने येणाऱ्या पेट्रोलचा दाब, ४० सेंटिमीटर उंची धरली तरी, फक्त ०.०३ बार. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसवलेल्या डब्यात ०.३ बार आला की फ्लोटच्या वाटीत पेट्रोल उतरतच नाही. वाटीत आहे तेवढं संपतं, इंजिन लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टनच्या डोक्याला भोक पडायला एवढं पुरतं. यावर तीन गोष्टी एकत्र लागतात: वाटीच्या व्हेंटला (हवेच्या छिद्राला) डब्यातल्या दाबाची नळी, कमी दाबाचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप, आणि पंपाचा दाब डब्यातल्या दाबापेक्षा थोडाच वर ठेवणारा रेग्युलेटर, कारण त्याहून जास्त दाबाला पेट्रोल अडवणारी नीडल धरत नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. किटसोबत फक्त व्हेंटची नळी येते. पंप आपला आपण घ्यायचा, हे आधी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

व्हेंट जोडला तरी मिश्रण पुरतं जुळत नाही. हवा ३२ टक्के वाढते, पण जेटमधून येणारं पेट्रोल त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे १५ टक्केच वाढतं. मेन जेट व्यासाने ७ टक्के मोठा घालावा. ९० चा असेल तर ९६ किंवा ९८. मग बूस्ट नसताना इंजिन थोडं रिच (पेट्रोल जास्त) चालणार आणि प्लग काळा पडणार, हे गृहीत धरायचं. प्लग एक नंबर थंड घ्यावा, गॅप ०.८ वरून ०.६ मिलिमीटर करावा, इग्निशन ३-४ अंश मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पडेल. हवा गार येत असल्याने डिटोनेशनचा (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटण्याचा) धोका टर्बोपेक्षा कमी, पण ०.३ बारच्या पुढे जाण्याइतका कमी नाही.

रेग्युलेटर नेहमीचा पाव इंची एफआरएल (फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) आहे. तो ०.५ बारच्या खाली नीट सेट होत नाही, काटा डोलतो. म्हणून थेट ०.३ वर लावायचा खटाटोप करू नये. तो २ बारवर ठेवावा आणि डब्याच्या तोंडाशी ३.७ मिलिमीटरचं भोक असलेली पितळी बुशिंग बसवावी. या दाबाला भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने जाते, त्यामुळे प्रवाह भोकाच्या मापावरच ठरतो. ४ मिलिमीटर पाडलं तर हवा १५ टक्क्यांहून जास्त वाढेल, म्हणून ड्रिल मारून सोडू नये, रीमर फिरवावा. सातपूरच्या कुठल्याही टूलरूममध्ये हे काम होतं. या गावात बारीक मापाचं काम करणाऱ्या हातांची वाण नाही. प्रवाह ठरीव असल्याने आरपीएम उतरलं की डब्यात दाब वाढतो. तिथे ०.३५ बारला उघडून जास्तीची हवा सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह हवाच. किटमधला स्प्रिंगचा पॉप-ऑफ चांगला आहे, चिकटत नाही.

बटण मात्र बदलून घ्या. नुसत्या बटणावर अर्ध्या थ्रॉटलला हवा सुटली तर इंजिन भडकतं. पूर्ण थ्रॉटलला लागणारा मायक्रोस्विच आणि ४००० आरपीएमच्या वरच चालणारी रिले मालिकेत जोडावी. सोलेनॉईडची कॉइल दीड अँपिअर खेचते, ती हॉर्नच्या वायरीवर टांगू नये.

पावसाळ्यात पाण्याचं काय होतं ते सांगायला हवं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एका भरण्याला दीड मिलीलिटरच्या आसपास पाणी टाकीत किंवा कॉम्प्रेसरमध्ये जमतं. हवा भरून देणाऱ्या पंक्चरवाल्याने आपली टाकी ड्रेन केली नसेल तर त्याचंही पाणी तुमच्याकडे येतं. वेगाने हवा सुटली की रेग्युलेटर गारठतो, आत बर्फाचा थर धरतो आणि प्रवाह मधेच तुटतो. टाकीला तळाशी ड्रेन कॉक आहे, पण किटच्या स्टँडवर टाकी आडवी बसवल्यावर तो बाजूला येतो. स्टँड फिरवून कॉक खाली आणून घ्या आणि प्रत्येक भरण्याआधी उघडा.

सुरक्षेवर तडजोड नको. १० लिटर टाकीत ८ बारला साठणारी ऊर्जा फुटताना साधारण १० किलोज्यूल बाहेर पडते. शंभर किलोचं पोतं दहा मीटरवरून खाली पडावं तसं. एलपीजीचं किंवा फ्रिजच्या गॅसचं जुनं सिलिंडर वापरू नये. ऑक्सिजन तर कधीच नाही. जास्त वेळ हवा म्हणून अग्निशमनाच्या श्वसनसंचाचं ३०० बारचं सिलिंडर काही जण सुचवतात. त्यात पाच-सहा मिनिटं मिळतील हे खरं, पण त्याची चाचणी आणि भरणं गॅस सिलिंडर नियमांखाली येतं, आणि या किटचा रेग्युलेटर त्या दाबाचा नाही.

"मोठ्या कंपन्याही हेच करतात" असं दुकानात ऐकू येतं. व्होल्वोने २०१६ च्या सुमारास डी-५ डिझेलला दोन लिटरची हवेची टाकी दिली होती, पण ती हवा इंजिनात शिरत नव्हती. एक्झॉस्टच्या बाजूने टर्बोचं चाक क्षणभर फिरवून देत होती. म्हणून दोन लिटर पुरत. तुमच्या इंजिनाला टर्बो नाही.

रस्त्यावरच्या एमएच-१५ गाडीला हे लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली (गाडीत बदल करण्यावरची बंधनं) येतं, तेव्हा ते कार्ट आणि बेंचपुरतंच ठेवा. त्या कामासाठी टाकी, पॉप-ऑफ आणि रीडचा डबा घ्यायला हरकत नाही. बटण वगळून किंमत विचारा, ते पैसे पेट्रोल पंपाला लावा.