रात्री हाताला मुंग्या येतात त्यांच्यासाठी: पट्टीवाला रिस्ट स्प्लिंट, आईने वापरून बघितला

आधीच सांगते, मुंग्यांनी झोपमोड होत असेल आणि डॉक्टरांनी कार्पल टनेल (मनगटातल्या बोगद्यात नस दबणं) सांगितलं असेल तर आतून धातूची पट्टी असलेला स्प्लिंट, म्हणजे मनगट वाकू न देणारा आधार, घ्याच. आम्हाला सोलापुरात नवी पेठेत साडेचारशेला मिळाला. पण नुसतं "मनगट दुखतंय" म्हणून दुकानात जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी समोर इलॅस्टिकचा पट्टा टाकतात आणि त्यात मनगट खुशाल वाकतं, मग बांधून उपयोग काय.

आई सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी बायकांसारखी वर्षानुवर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, मजुरी हजारावर, त्यामुळं हात थांबवून चालतच नाही. मध्यरात्री तिला जाग यायची, हात बधिर, उठून झटकत बसायची आणि झटकला की जरा बरं वाटायचं. घरात सगळ्यांचं एकच, वात आहे, तेल लाव. डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा हेच विचारलं की मुंग्या नक्की कुठल्या बोटांना येतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, करंगळी अजिबात नाही. मनगटाच्या बोगद्यातून जाणारी मीडियन नस एवढ्याच बोटांना जाते, म्हणून हे विचारणं एवढं महत्त्वाचं. करंगळीला मुंग्या असतील तर बऱ्याचदा नस कोपराजवळ दबलेली असते, तिथं मनगटाचा स्प्लिंट काय करणार. मग दोन्ही मनगटं पुढं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर धरायला लावलं, तर मिनिट व्हायच्या आतच आईची बोटं मुंग्यांनी भरली. शुगर आणि थायरॉइड पण तपासायला सांगितलं, त्यानं पण हे दुखणं होतं.

आता स्प्लिंट. तळव्याच्या बाजूला एक कप्पा असतो, त्यात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सरकवलेली असते. आमच्या स्प्लिंटची पट्टी नवीनच मागं वाकवलेली होती, म्हणजे हात घातला की पंजा वर उचललेला राहतो, आणि बरेच जण तसाच वापरतात. कार्पल टनेलला मनगट सरळ पाहिजे, पुढं पण नाही आणि मागं पण नाही, कारण सरळ असताना नसेवर दाब सगळ्यात कमी पडतो. फिजिओ मॅडमनी पट्टी ओढून काढली, टेबलाच्या कडेवर दाबून जवळपास सपाट केली, आईच्या हाताला लावून बघितली आणि परत आत घातली. बोटं पूर्ण मिटता येतायत का ते पण बघितलं. वेल्क्रो फार आवळायचा नाही, नाहीतर त्यानंच बोटं सुजतात. रोज रात्री बांधायचा, सहा आठवडे तरी, मधेच दोन दिवस बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. आईची झोप आता लागते, मला तेवढं पुरे, दिवसा काम करताना अजून थोडं दुखतंच.

तक्रारी पण आहेत. वेल्क्रोची टोकं उघडी पडली की आपली सोलापुरी चादर अडकते आणि धागे निघतात, म्हणून वरून जुना सुती मोजा कापून चढवलाय. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळीसच्या वर असतो, आतला फोम घामानं ओला होऊन वास मारतो, पट्टी काढून धुवायचा आणि सावलीत वाळवायचा, जमलं तर दोन घ्या. या दोन गोष्टींमुळं पाचपैकी चार.

वहिनीला मात्र हा चालला नाही. ती बाळंतीण, बाळाला काखेत हात घालून उचलताना अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडं झुकवलं की ओरडायची. ते डी क्वेर्व्हेन, ज्या स्विस सर्जननी १८९५ मध्ये त्याबद्दल लिहिलं त्यांचंच नाव पडलंय. तिथं अंगठ्याकडच्या स्नायूबंधांना सूज असते, त्यामुळं अंगठा पण धरून ठेवणारा स्प्लिंट लागतो, तो वेगळा मिळतो. आणि सकाळी बोट वाकून अडकतं, कट्ट करून सुटतं, ते ट्रिगर फिंगर, त्याला मनगटाचा कुठलाच स्प्लिंट नको.

एक कळकळीनं सांगते. अंगठ्याखालचा तळहाताचा फुगीर भाग बसत चालला असेल, हातातून कप-वस्तू सुटत असतील, बधिरपणा दिवसा पण जात नसेल तर स्प्लिंटवर महिने घालवू नका. नसेची तपासणी करून घ्या, ऑपरेशनमध्ये नसेवरचा पट्टा कापून जागा मोकळी करतात, पण मांस झिजून गेल्यावर ते पूर्ण भरून येईलच असं नाही. तसंच गाडीवरून हातावर पडला असाल आणि अंगठ्याच्या मागच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्सरे साफ आला तरी निश्चिंत होऊ नका, मनगटातल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची चीर कधी कधी दहा-पंधरा दिवसांनीच दिसते, तोवर डॉक्टर सांगतील तसा हात बांधूनच ठेवा.

घेताना मनगटाचा घेर टेपनं मोजून जा, उजवा-डावा वेगळा येतो, आणि तिथंच घालून मूठ मिटून बघा, नंतर बदलून देताना कटकट करतात.