ट्रू आरएमएस मल्टिमीटर: सात महिने वापरल्यावर

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेआधी नवी पेठेतून हा मीटर घेतला. जुन्याच्या दुप्पट पैसे मोजले, तेव्हा घरी विचारणा झाली, "जुना चालत नव्हता का?" चालत होता की! त्यानंच तर घोळ केला.

पूर्व भागात एका घरी साधा, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर. जुन्या मीटरवर 180 व्होल्ट. कमी पडतंय म्हणून मी आतला प्रीसेट (व्होल्ट कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) फिरवून 220 केले. आठ दिवसांत दोन एलईडी बल्ब गेले, पंखा घुमायला लागला. बल्ब मीच भरून दिले.

आता कळतं ते असं. जुना मीटर एसी सरळ करून सरासरी काढतो आणि तिला 1.11 नं गुणतो. हा गुणाकार फक्त साइन लहरीला, म्हणजे लाइनवर येते तशा गोलसर लहरीला बसतो. इन्व्हर्टरची लहर म्हणजे थोडा वेळ 325, मग शून्य, मग उलटे 325. निम्मा वेळ शून्य धरा: सरासरी 162.5, गुणिले 1.11, झाले 180. पण हीटर किती तापणार ते ठरतं व्होल्टच्या वर्गावर. 325 चा वर्ग, त्याची सरासरी म्हणजे निम्मा, त्याचं वर्गमूळ: 230. याच आकड्याला आरएमएस म्हणतात आणि नव्या मीटरची चिप हेच गणित करते. म्हणजे इन्व्हर्टर ठीकच होता, बिघडवला मी.

नवा मीटर घेऊन परत गेलो, प्रीसेट मागे फिरवून 230 वर आणला. शेजारी जुना लावला, तो पुन्हा 180. मालक म्हणाले, "मग आधीच बरोबर होतं की!" काय बोलणार.

डिमरवर पिवळा बल्ब लावूनही पाहिलं. जुना 115 च्या आसपास असताना नवा 160 च्या वर. महावितरणच्या लाइनवर मात्र दोघांत एक-दोन व्होल्टांचा फरक, त्यामुळे नुसते सॉकेट तपासणाऱ्यांनी हा खर्च करू नये.

तक्रारी आहेत. प्रोब एकमेकांना टेकवले तरी एसी मिलीव्होल्टवर आकडे थोडे नाचतात. बदलून आणायला निघालो होतो, पण या जातीच्या मीटरचा तो स्वभावच आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ड्राइव्हच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या डब्याच्या) आउटपुटला लावला, तर आकडा भलताच वर. ड्राइव्ह डीसीचे बारीक तुकडे पाडून मोटरला देतो, मीटर तेही मोजत बसतो. त्यासाठी लो-पास फिल्टरवालं, म्हणजे हे बारीक तुकडे गाळून टाकणारं मॉडेल लागतं, ते आणखी महाग.

जुना अजून पिशवीत आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात नव्याचा कंटिन्युटीचा (तार सलग असल्याचं सांगणारा) बीप ऐकूच येत नाही.